नानाकाकांचा ताप

आगीचा भोंगा वाजला तेव्हा आई आपल्या नातीचा, ठकीचा लंगोट बदलत होत्या.

भोंगाही साधासुधा नव्हता. छताला चिकटवलेल्या पांढऱ्या बशीतून एकदम असा कर्कश आवाज फुटला की आईंच्या हातातली पावडरीची डबी उडून कपाटाखाली गेली. बाहेरच्या खोलीतून सून ओरडली, "घाबरू नका आई, इमारतीची तपासणी आहे!" शेजारच्या घरातलं कुत्रं केकाटायला लागलं. आईंनी ठकीला छातीशी धरायला म्हणून हात पुढे केले, आणि ते हात तसेच हवेत राहिले.

ठकी आपली मूठ बघत होती. उजव्या हाताची मूठ डोळ्यांसमोर धरून, ती आपलीच आहे की दुसऱ्या कुणाची अशा विचारात पडल्यासारखी, एकटक. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

भोंगा थांबल्यावर मुलगा टाय सावरत आत डोकावला. तो इमारतींमधल्या लिफ्ट तपासणारा इंजिनियर. भोंगे, घंटा, धोक्याचे दिवे हे त्याचं रोजचंच. त्यानं लेकीकडे बघितलं आणि खूश झाला.

"बघ आई, अख्खी इमारत हादरली, पण आमच्या बाईसाहेबांना त्याचं काही नाही. असं गुणी बाळ बघितलंयस कुठं?"

हे वाक्य आईंनी इथं परदेशात आल्यापासून कितीदा ऐकलं होतं. गुणी बाळ. दार आपटलं तरी उठत नाही. फोनवर तिकडच्या सगळ्या नातेवाइकांनीही हेच म्हटलं होतं, आणि आईंनीही कौतुकानं मान डोलावली होती. त्यांना आता वाटलं, हे आपल्या घरी असतं तर केव्हाच लक्षात आलं असतं. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, भांड्यांचा खणखणाट, कुणाची ना कुणाची हाक. इथं खिडक्यांना दुहेरी काचा, पायाखाली गालिचा, आणि रस्त्यावरची माणसं चालतानाही पाय न वाजवता चालणारी. या घरात आवाजच नव्हता, मग कुणाला तो ऐकू येतो आणि कुणाला नाही हे कळणार तरी कसं?

मुलगा कामावर गेला. सून न्हायला गेली तशी आईंनी स्वयंपाकघरातून ताट आणि डाव घेतला. ठकीच्या डोक्यामागे, तिला दिसणार नाही अशा बेतानं बसून, त्यांनी डाव ताटावर हाणला. काही नाही. पुन्हा हाणला. मग ताट ठेवून दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली, आणि ठकीनं मान वळवली! आईंना रडूच फुटायचं बाकी राहिलं. पण त्यांचा स्वभाव पोस्टाच्या काउंटरवर घडलेला. समोर आलेलं पार्सल उलटंसुलटं करून बघितल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. टाळीचा वारा त्या इवल्याशा जावळाला लागला असणार. त्या मागे सरकल्या, भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथून टाळी वाजवली. ठकी छताकडे बघून गालात हसत राहिली.

दारात सून उभी होती. केसांना टॉवेल गुंडाळलेला. आईंनी पुढे होऊन ताट चटकन उचललं आणि पाठीमागे लपवलं.

"ताटानं नाही कळत, आई," सून म्हणाली. "मी पातेल्याचं झाकण पाडून बघितलं. परवा."

"आणि?"

"तिनं पाय झाडले. मी इतकी नाचले म्हणून सांगू! मग तिला पलंगावर ठेवलं आणि पुन्हा पाडलं. तेव्हा नाही." ती तिथंच गालिच्यावर बसली. "जमिनीचा हादरा पोचला असेल."

गेले काही आठवडे या दोघींमध्ये धुसफूस चालू होती. अंघोळीच्या पाण्यावरून, दुपटी किती घट्ट बांधायची त्यावरून, रडल्याबरोबर उचलायचं की नाही त्यावरून. कुणी भांडलं नव्हतं, पण दोघी एकमेकींशी मोजकं बोलत होत्या. आई आता हळूच तिच्याशेजारी बसल्या.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

सुनेनं ठकीच्या पायाचा अंगठा धरला. "मी एकटीच जाणत होते तोवर ते खरं नव्हतं," ती म्हणाली.

आईंनी तिच्या केसांचा टॉवेल सोडला आणि तिचे केस पुसायला लागल्या.

संध्याकाळी मुलाला सांगितलं तर तो चिडला. आधी आईवर, मग बायकोवर, मग दोघींनी मिळून ताटं बडवली यावर.

"जन्मल्यावर ती नर्स काय म्हणाली होती? पहिल्या तपासणीत मशीन नीट दाखवत नाही. कानात पाणी असतं. पुन्हा या."

"पुन्हा गेलो का आपण?" सुनेनं विचारलं.

जाणं राहूनच गेलं होतं. ठकीला सर्दी होती, मग त्याला परगावच्या कामावर जावं लागलं, मग सगळं इतकं छान चाललं होतं की कुणाला आठवणच राहिली नाही. यात कुणा एकट्याचा दोष नव्हता, आणि म्हणूनच कुणाला कुणावर धड रागावता येईना.

शेवटी कानांच्या तपासणीची वेळ घेतली, आणि तिच्या आदल्या दिवशी विहीणबाई येऊन दाखल झाल्या. हे आधीच ठरलेलं होतं. आईंचा मुक्काम संपत आला होता आणि पुढचे महिने सुनेची आई ठकीला सांभाळणार होती. विहीणबाई मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. विमानतळावरून येताना गाडीतच लेकीनं सगळं सांगितलं. घरात शिरल्या, कोटही न काढता पाळण्याशी गेल्या आणि वर्गाला हजेरीला बोलवावं तशी खणखणीत हाक मारली, "ठके!" ठकी झोपली होती. झोपूनच राहिली. विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "प्रवासात माझा आवाज बसलाय," त्या म्हणाल्या.

कानाच्या डॉक्टरीणबाईंची खोली चहूबाजूंनी जाड स्पंजनं मढवलेली होती. आत पाऊल टाकलं की आपलाच आवाज आपल्याच तोंडाशी विरून जायचा. ठकी दूध पिऊन सुनेच्या मांडीवर झोपली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या कपाळाला, कानामागे तारा चिकटवल्या, कानात बोरीच्या बीएवढी नळी बसवली आणि पडद्याकडे बघत राहिल्या. त्यावर एक हिरवी रेघ थरथरत होती. मुलगा सुनेच्या बाजूला उभा, आई कोपऱ्यातल्या स्टुलावर. विहीणबाईंना बाहेर बसवलं होतं.

रेघ थरथरत राहिली. तिचा कुठं डोंगर व्हायला हवा होता म्हणे, तो होईना. एक कान झाला, दुसरा झाला.

आई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या सुनेकडे बघत होत्या. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि नंबर सांगायची. एकदा ती हसत म्हणाली होती, की वाईट काही सांगायचं असेल तर आम्ही आधी खुर्ची पुढे ओढतो. डॉक्टरीणबाईंनी तारा सोडवल्या, हात पुसले, आणि खुर्ची पुढे ओढली. सुनेचा चेहरा तिथंच पांढरा पडला. अजून एक शब्दही बोलला गेला नव्हता.

मग त्या बऱ्याच वेळ बोलल्या. आईंना भाषा कळत नव्हती, पण मुलगा नुसता मान हलवत होता, हो, हो, हो, आणि मग एकदम नाही.

"काय विचारलं गं?" आईंनी कुजबुजत विचारलं.

"घराण्यात जन्मापासून कुणी बहिरं होतं का, विचारतायत," सून म्हणाली.

"अरे, मग नाना..."

"नानाकाकांना तापानं झालं होतं, आई," मुलगा पटकन म्हणाला. "तो प्रश्न नाहीये." आणि त्यानं डॉक्टरीणबाईंकडे बघून पुन्हा मान हलवली. नाही.

सुनेनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"कोण नाना?"

घरी आल्यावर जेवायच्या टेबलाभोवती चौघं बसली. टेबल दोघांसाठी घेतलेलं. गुडघ्याला गुडघे लागत होते. ठकी आईंच्या मांडीवर, डब्याचं निळं झाकण चोखत.

"नाना म्हणजे माझे दीर," आईंनी सांगितलं. "ह्यांचे धाकटे भाऊ. छापखान्यात कंपोझिटर होते, अक्षरं जुळवायचे. तुमचं लग्न ठरलं त्याच्या कितीतरी आधी गेले."

"आणि ऐकू येत नव्हतं," विहीणबाई म्हणाल्या.

"नव्हतं."

"बोलता?"

"नाही."

विहीणबाईंनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "आम्हाला लग्नाच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही."

"माई, लहानपणी ताप आला होता त्यांना," मुलगा सासूला म्हणाला. "त्यात कान गेले. ताप काय कुणालाही येतो. यात सांगण्यासारखं काय होतं?"

"विषय निघाला नाही, विहीणबाई," आई म्हणाल्या. "लपवायचं असं काही मनात नव्हतं."

"विषय आपोआप निघत नसतो. काढायचा असतो."

"आता भांडून काय होणार आहे?" मुलाचा आवाज चढला. "मुळात हे एकाच तपासणीवरून चाललंय. मी दुसरीकडे दाखवणार आहे. एका चाचणीवर मी साधी लिफ्टसुद्धा बाद ठरवत नाही."

"बाद ठरवत नाहीस," सून म्हणाली. "पण बंद करतोस. आधी माणसं बाहेर काढतोस, मग दुसरी चाचणी करतोस. तूच सांगितलंयस मला."

मग तिनंच त्याचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "आत्यांना लाव. त्या मोठ्या आहेत सगळ्यांत. तापाचं त्यांना माहीत असेल."

वन्संचं, म्हणजे आईंच्या थोरल्या नणंदेचं, वय झालं होतं. फोन त्यांच्या सुनेनं भिंतीला टेकवून ठेवला असावा, कारण पडद्यावर फक्त कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसत होता. ठकी कशी आहे, थंडी आहे का, असं झाल्यावर मुलानं विचारलं, "आत्या, नानाकाकांना ताप आला तेव्हा ते केवढे होते?"

"लहान होता रे."

"म्हणजे केवढे? चालत होते?"

"चालत असेल की."

"मग कुठल्या डॉक्टरांकडे नेलं होतं?"

"आता इतकं कुठलं आठवायला! ताप आला, कान गेले. का रे?"

सून मुलाच्या खांद्यावरून पुढे वाकली. "आत्या, मी बोलतेय. तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठ्या ना? तापाच्या आधी त्यांनी कधी आई म्हणून हाक मारलेली तुम्ही ऐकलीय?"

कपाळ हललं. मग ते पडद्यावरून गेलंच. नुसता पंखा गरगरत राहिला. बोलायचं सोडून वन्सं उठून गेल्या की काय असं आईंना वाटलं. पण आवाज आला, अगदी फोनजवळून.

"नाही गं बाळा."

सुनेनं फोन जवळ ओढला.

"ताप नव्हताच," वन्सं म्हणाल्या. "मला बघायला माणसं यायला लागली ना, तेव्हा आईनं तो ताप काढला. रक्तातच आहे म्हटलं तर मुलगी कोण करणार? आम्हा भावंडांना समोर बसवून पाठ करून घेतलं. दोन वर्षांचा होता, खूप ताप आला, उतरला तेव्हा ऐकू येईना. इतकी वर्षं सांगितलं मी हे. सासरी सांगितलं, मुलांना सांगितलं. आता तर मला तो ताप दिसतो. आई त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवतेय, मी वाटीत पाणी आणून देतेय. झालं नव्हतं असं काही, तरी दिसतं." त्या थांबल्या. "तू हे का विचारतेयस? ठकीला काही झालंय का?"

मुलानं फोन उचलून आईंच्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आईंनी दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडे वन्सं रडत होत्या की काय, कळलं नाही. फोन ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "सांभाळ तिला, वहिनी."

"म्हणजे लपवलंच," विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यात विजय नव्हता. नुसताच थकवा होता.

"माई, पुरे." सून आईंकडे वळली. आईंना वाटलं, आता हिचे शब्द येतील, आणि ते आपण ऐकून घ्यायचे. पण सुनेनं विचारलं, "कसे होते नाना?"

नानांबद्दल आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं. काय झालं होतं त्यांना, एवढंच विचारायचे.

"हुशार होते," त्या म्हणाल्या. "शिशाची अक्षरं उलटी असतात ना, ती ते सुलटी असल्यासारखी वाचायचे. शाळेत कुणी घातलंच नव्हतं. छापखान्याच्या मालकानं शिकवलं, तेवढंच. तिथं यंत्रांचा असा धडधडाट असायचा की सगळेच खुणांनी बोलायचे. तिथं ते खूश असत. घरी येऊन गप्प." त्यांनी हात वर केला. "घरातल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक खूण दिली होती. सासूबाईंची अशी, मनगटावर बांगडी फिरवल्यासारखी. ह्यांची अशी, चष्मा वर सरकवल्यासारखी. मी नवी आले तेव्हा आठ दिवस माझ्याकडे नुसतं बघत होते. मग एक दिवस ही खूण केली." आईंनी दोन बोटं ओठांवर ठेवून उडवली. "मी काम करताना गुणगुणायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण ओठ हललेले दिसायचे."

"लग्न?"

"कोण करून देणार? घरात पाहुणे आले की सासूबाई त्यांना मागच्या खोलीत बसवायच्या. वाईट नव्हत्या त्या. जीव होता त्यांचा नानांवर. पण बसवायच्या." ठकीनं झाकण खाली टाकलं. आईंनी ते उचललं नाही. "मामंजी गेले तेव्हा नाना छापखान्यात होते. घरात रडारड, धावाधाव. ह्याला कळवा, त्याला कळवा. नानांना कळवायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. मीही त्या घरातच होते. संध्याकाळी ते नेहमीसारखे आले तर दारात ही गर्दी. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणीतरी बोट वर केलं, आकाशाकडे. ते आत धावले. तोवर मामंजींना नेऊन झालं होतं सगळं."

खिडकीशी उभ्या मुलाची पाठ हलली नाही.

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"तू जन्मायचा होतास."

सुनेनं खाली पडलेलं झाकण उचलून ठकीच्या हातात दिलं. मग एकेक शब्द सावकाश बोलली. "डॉक्टर म्हणाल्या, कानाला मशीन लावू. त्यानं किती फरक पडेल, सांगता येत नाही. पुढं ऑपरेशनचं बघू. आणि हातांची भाषा आजपासून शिका म्हणाल्या. मी हे सगळं करणार आहे."

"हात शिकवलेस तर ती बोलायची नाही," विहीणबाई म्हणाल्या. "जिभेला आळस लागेल. माझं ऐक, तिला घेऊन मी जाते. तिकडे मोठे डॉक्टर आहेत, माणसं आहेत. तुम्ही दोघं दिवसभर कामावर."

"ती माझ्याजवळ राहील, माई."

"भावनेनं ठरवू नकोस."

"मग कशानं ठरवू? मशीन लागेल तेव्हा लागेल. ऑपरेशन होईल तेव्हा होईल. तोवर ती कुणाच्याही तोंडाकडे बघत राहील, आणि आपण बोट वर करू?"

विहीणबाई उठून ओट्याशी गेल्या आणि आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या. मुलानं कपड्यांची टोपली उचलली आणि बाहेर पडला.

कपडे धुण्याची खोली इमारतीच्या तळघरात होती. भिंतीला ओळीनं यंत्रं, मधे एक बाक. आई खाली गेल्या तेव्हा मुलगा बाकावर बसला होता. टोपली तशीच भरलेली, यंत्र रिकामंच.

आईंनी झाकण उघडलं आणि एकेक करून ठकीचे कपडे आत टाकायला सुरुवात केली. तळहातापेक्षा थोडे मोठे. तो बघत राहिला.

"मी रोज तिच्याशी बोलतो गं," तो म्हणाला. "कामावरून आल्यावर. अंघोळ घालताना. तुला माहीत नसेल."

"मला ऐकू येतं," आई म्हणाल्या. "भिंती पातळ आहेत."

"सगळं सांगतो तिला. आज कुठली लिफ्ट अडकली, साहेब काय बोलला. इथं दिवसभर त्यांची भाषा बोलायची. घरी येऊन आम्ही दोघंही दमलेली, जेवलो की झोपलो. मला वाटायचं, आता कुणीतरी आहे जिला आपलं सगळं आपल्या भाषेत सांगता येतं. आणि ती हसायची, आई. बरोबर जिथं हसायचं तिथं हसायची."

"तुझ्या तोंडाकडे बघून हसायची."

"हो. पण मी काय बोलत होतो, त्यातलं..." मोठा, धट्टाकट्टा माणूस, तळहातांनी डोळे दाबून बसला. लहानपणी पडला की असाच बसायचा. रडायला लागला तर दुखतंय हे खरं ठरेल म्हणून.

आईंनी शेवटचं टोपरं यंत्रात टाकलं आणि त्याच्याशेजारी बसल्या. बरं होईल म्हणणं खोटं होतं. काही बिघडलं नाही म्हणणं त्याहून खोटं.

"तिला आपली भाषा येणारच नाही कदाचित," तो म्हणाला. "मशीन लागलं, ऑपरेशन झालं, तरी शाळा इथली, हातांची भाषासुद्धा इथली. तू तिच्याशी काय बोलशील? मी काय बोलू?"

"जे तिला येईल ते आपण शिकू," आई म्हणाल्या. "मला म्हातारीला इथलं बोलणं नाही आलं. हातांचं येईल की नाही, देव जाणे. पण तिला आपल्यापर्यंत यायला लावायचं नाही, बाबा. आपण जायचं." त्यांनी रिकामी टोपली पायाशी ओढली. "आणि बोलणं बंद करू नकोस. तिला तुझं तोंड बघायची सवय आहे."

त्यानं नाक ओढलं आणि उठून यंत्र सुरू केलं.

कानांना मशीनं लागली ती गुलाबी, शेंगदाण्याएवढी. ठकीनं पहिल्याच दिवशी एक उपटून तोंडात घातलं. फारसा फरक दिसला नाही. भोंगा वाजवला की ती क्षणभर थबकल्यासारखी वाटायची, आणि मग घरात वाद व्हायचा, थबकली की नाही यावर. आईंनी जाणं पुढं ढकललं. दोन आज्या एका खोलीत, एकीचं घोरणं आणि दुसरीचं पहाटे उठणं, पण निभावत होत्या.

हातांचा वर्ग शनिवारी भरायचा. वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या. शिकवणाऱ्या बाई स्वतः जन्मापासून बहिऱ्या होत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, लाकडी फर्निचर दुरुस्त करण्याचं स्वतःचं दुकान असलेल्या. त्यांच्याबरोबर बोलून दाखवणारी एक मुलगी असायची. विहीणबाई यायला तयार नव्हत्या. सून म्हणाली, ठकीला धरायला कुणीतरी हवं, तेव्हा तेवढ्यापुरत्या आल्या आणि खुर्ची गोलाच्या बाहेर ओढून बसल्या.

दूध. आई. आणखी. झालं. आईंची बोटं सांध्यांशी अडत होती. मुलाचं 'आणखी' 'झालं'सारखं दिसत होतं. सून भरभर करायची आणि चुकायची. इथल्या भाषेत आजवर फक्त आई अडाणी होत्या. या खोलीत सगळीच अडाणी होती आणि बाई प्रत्येकाची बोटं हातात धरून वळवत होत्या. नानांच्या खुणांपैकी इथं एकही चालत नव्हती. आईंना त्याचं वाईट वाटलं, आणि मग वाटेनासं झालं.

वर्ग संपता संपता विहीणबाईंनी जावयाला जवळ बोलावलं. "विचार त्यांना, लग्न झालंय का."

"माई, असं कसं विचारणार?"

"मी विचारायला सांगतेय ना!"

त्यानं कानकोंडं होत त्या बोलणाऱ्या मुलीला सांगितलं, तिनं हातांनी बाईंना. बाईंनी विहीणबाईंकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली. मुलगी म्हणाली, आणि मुलानं मराठीत सांगितलं, "दोनदा. पहिला बोलत फार होता, म्हणतायत."

विहीणबाईंना हसू आवरलं नाही. तपासणी झाल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि मग तो डोळ्यांना लावला. बाई उठून आल्या. त्यांनी विहीणबाईंची खुर्ची पाठीला धरून सरळ गोलात ओढली, विहीणबाईंसकट, मांडीवरच्या ठकीसकट.

त्या दुपारी वन्संचा फोन आला. आता पडद्यावर नाक आणि हनुवटी दिसत होती.

"वहिनी, इकडे सगळे विचारतात गं. ठकीच्या कानाला ते काय लावलंय म्हणून. फोटो पाठवला ना त्यानं. माझ्या सुनेनं विचारलं, शेजारच्यांनी विचारलं. काय सांगू मी?"

"काय सांगायचं? तिला ऐकू येत नाही म्हणून सांगा."

"जन्मापासून?"

"हो. जन्मापासून."

आईंच्या मागे खोलीत सून ठकीला दूध पाजत होती, आणि मुलगा समोर जमिनीवर मांडी घालून, कुठली लिफ्ट अडकली ते सांगत, मधेच थांबून हात हलवत, पुन्हा सांगत होता.

"आणि नानाचं?" वन्संनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा, वन्सं. भाऊ तुमचा होता."

मग वन्संनी फोन कुठंतरी ठेवून दिला, कारण पुन्हा पंखाच दिसायला लागला. त्या फोन बंद करायला विसरल्या असाव्यात. आई बंद करणार होत्या, तेवढ्यात त्यांना पलीकडच्या स्वयंपाकघरातला आवाज ऐकू आला. पाण्याचा नळ चालू होता, कुणीतरी काहीतरी परतत होतं. वन्संचा आवाज त्या सगळ्यावर आला, म्हातारा, खरखरीत आणि गरजेपेक्षा मोठा.

"अगं सूनबाई, नळ बंद कर जरा. मला तुला सांगायचंय. माझा भाऊ होता ना, नाना. त्याला ताप कधी आलाच नव्हता. तो जन्मतःच बहिरा होता."

नळ बंद झाला.